रिपोर्ट द्यायचा कुणाच्या हातात?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कोपरखैरण्यात १८ खाटांचं नर्सिंग होम, तुम्ही दोन वर्षांपासून तिथे फ्रंट डेस्कला. मूल होत नाही म्हणून तपासण्या चाललेल्या एका बाईंचे रिपोर्ट त्यांच्या दिराने काउंटरवरून नेले. "वहिनींचे रिपोर्ट द्या, घरीच चाललोय," एवढंच तो म्हणाला आणि तुम्ही दिले. दुसऱ्या दिवशी त्या बाई येऊन काउंटरसमोर रडल्या. त्यांनी पाहायच्या आधीच ते कागद घरात सगळ्यांनी पाहिले होते आणि गावालाही फोन गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता काहीतरी नियम कर. तुम्ही विचारताय, नातेवाइकांना नाही कसं म्हणायचं आणि स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेशंटचे कागद फिरतात त्याचं काय करायचं.

मी २२ वर्षं मेडिकल रेकॉर्डचं काम करतेय. सुरुवात ठाण्यात, नौपाड्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात झाली. नंतर नवी मुंबईत मोठ्या ठिकाणी रेकॉर्ड रूम सांभाळली, आणि आता तुमच्यासारख्या १५-२० खाटांच्या नर्सिंग होमना केस पेपर आणि रजिस्टरं नीट लावून देते. मी वकील नाही. कायद्याचं जे सांगेन ते रोजच्या कामात वापरावं लागतं तेवढंच.

तुम्हाला वाटतंय की दिराला नाही म्हणता आलं नाही, ही चूक झाली. मला अडचण त्याच्या आधीची दिसते. दीर समोर उभा राहिला तेव्हा तुमच्याकडे ठरवायला काही आधारच नव्हता. या बाईंची माहिती कुणाला द्यायची, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. फॉर्मवर 'नातेवाइकाचे नाव' अशी ओळ असते, तिथे नवऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, आणि त्या ओळीवरून आपण धरून चालतो की घरचे सगळे आलेच त्यात. ती ओळ असते अडीअडचणीला फोन कुणाला करायचा यासाठी. रिपोर्ट कुणी बघायचा, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा विचारावा लागतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. केस पेपर काढतानाच एक ओळ वाढवा: 'माझ्या आजाराची माहिती व रिपोर्ट पुढील व्यक्तींना द्यावेत'. खाली दोन नावांची जागा, नातं, मोबाईल, आणि 'कुणालाही नाही' असा एक चौकोन. त्याखाली पेशंटची सही किंवा अंगठा. मराठीतच छापा. हिंदीतही असू द्या, तुमच्याकडे दोन्ही लागतं.

ही ओळ भरून कशी घेता यावर सगळं अवलंबून आहे. काउंटरवर सून उभी, शेजारी सासूबाई पिशवी धरून, आणि तुम्ही विचारलंत, "रिपोर्ट कुणाला दाखवायचे?" तर ती काय सांगणार? म्हणून ती ओळ काउंटरवर भरूच नका. वजन आणि बीपी घ्यायला पेशंट आत जाते, तेव्हा सिस्टरने विचारायचं. तेवढी दोन मिनिटं ती एकटी असते. सोबतचं माणूस आत येऊ लागलं तर सिस्टरने सरळ सांगावं, "तपासायचंय, दोन मिनिटं बाहेर बसा." याला कुणी वाईट मानत नाही. ओपीडीत जुन्या पेशंटनाही एकदा विचारून घ्या. महिनाभरात बहुतेकांचं होऊन जाईल.

त्याच वेळी मोबाईल नंबरही तपासा. इथे फार गफलत होते. बाईंच्या फॉर्मवर नंबर असतो नवऱ्याचा, आजोबांच्या फॉर्मवर मुलाचा, आणि लॅबचा मेसेज रिपोर्टच्या लिंकसकट त्या नंबरवर जातो. काउंटरवर तुम्ही कितीही काळजी घेतलीत तरी रिपोर्ट मागच्या दाराने पोहोचतोच. ऐरोलीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी शंभर फॉर्म काढून बसले होते. त्यातल्या कितीतरी बायकांच्या नावापुढे नवऱ्याचा किंवा दिराचाच नंबर होता. "हा नंबर तुमचाच ना? रिपोर्टचा मेसेज यावर पाठवू?" एवढं विचारलं की उलगडा होतो. स्वतःचा फोन नसेल तर मेसेज बंद ठेवा आणि रिपोर्ट हातात द्या.

आता नाही कसं म्हणायचं. माझा अनुभव असा की काउंटरवरच्या मुलीला 'नाही' म्हणायला लावलं की ती दोन दिवस म्हणते आणि तिसऱ्या दिवशी सोडून देते. समोरचा मोठ्या आवाजात बोलतो, "मी काय परका आहे का?" म्हणतो, आणि कोपरखैरण्यात तर तो खरंच परका नसतो. तुमच्याकडे माथाडी कामगारांची किती कुटुंबं आहेत, आणि त्यात सातारा-पुण्याकडच्या एकेका गावची किती घरं एकाच सेक्टरमध्ये! पेशंट, तिचा दीर, तुमच्या वॉर्डातल्या मावशी, कदाचित तुम्ही स्वतः, एकाच गावच्या जत्रेला जाणारी माणसं. नौपाड्यात निराळा प्रकार होता. तिथे डॉक्टर तीन पिढ्यांचे फॅमिली डॉक्टर, आणि आजोबा येऊन हक्काने विचारायचे, "नातसुनेचं काय म्हणतंय?" ओळख असली की माहिती देणं हा आपलेपणा वाटतो आणि न देणं उद्धटपणा. म्हणून 'नाही'ऐवजी दुसरं वाक्य द्या. आमच्याकडे सगळ्यांना हे पाठ असतं: "त्यांना विचारते आणि लगेच सांगते." मग खरंच फोन लावायचा. पेशंट वॉर्डात असेल तर म्हणायचं, "चला, मी तुम्हाला त्यांच्याकडे नेते, त्यांच्याच तोंडून ऐका." फोन लागला नाही तर, "त्यांचा फोन लागत नाही, लागला की कळवते, रिपोर्ट इथेच आहे."

दिराच्या बाबतीत हे वाक्य वापरलं असतं तर काय झालं असतं बघा. बाई एक तर म्हणाल्या असत्या, "हो, द्या त्यांच्याकडे," किंवा म्हणाल्या असत्या, "नको, मी संध्याकाळी येते." दोन्हीत तुम्ही कुणाला दुखावलं नसतं. आणि दिराला देऊ नका असं त्यांनी सांगितलं तर ते दिराला कळू देऊ नका. तेव्हा "त्या स्वतः येणार आहेत म्हणाल्या" एवढंच. "त्यांनी तुम्हाला द्यायला नको सांगितलंय" हे वाक्य घरी जाऊन त्यांच्यावरच उलटतं.

फोनवर विचारणाऱ्यांचं आणखी अवघड. "अमुक अ‍ॅडमिट आहेत का तुमच्याकडे?" याचं उत्तर हो किंवा नाही, दोन्ही माहितीच आहे. "तुमचं नाव आणि नंबर द्या, असतील तर निरोप पोहोचवते," हे पुरतं. नगरसेवकांच्या ऑफिसातून फोन आला तरी हेच, फक्त जरा जास्त अदबीने, आणि डॉक्टरांच्या कानावर घालून.

हे मी इतकं ठासून का सांगतेय? साधारण २००६ मध्ये माझ्याच हातून असं झालंय. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून फोन आला. बोलणारा माणूस फार चांगला वाटला. "आमचा ऑपरेटर तुमच्याकडे आहे, काळजी वाटते, काय झालंय त्याला? किती दिवस लागतील?" मी केस पेपर उघडला आणि सांगितलं की फिट आली होती, तपासण्या चालू आहेत. मला वाटलं मी त्याच्या रजेचं काम सोपं करतेय. महिन्याभराने तो माणूस रेकॉर्ड रूमच्या दारात आला. त्याला मशीनवर घेत नव्हते, आणि कंत्राट संपल्यावर पुढचं दिलं नाही. त्याला कागद नको होते. त्याला एवढंच विचारायचं होतं की कंपनीला कुणी सांगितलं. मी सांगितलं, मी. तो काही बोलला नाही, तसाच निघून गेला. मशीनवर फिट येणं धोक्याचं आहे हे खरं, पण ते कंपनीला कधी आणि कसं सांगायचं, हे त्याने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं होतं. माझं ते काम नव्हतं.

तेव्हापासून कंपनीचा फोन आला की माझं उत्तर ठरलेलं आहे: पेशंटची सही असलेलं पत्र आणा. फिटनेस सर्टिफिकेटवर 'कामावर रुजू होण्यास योग्य' एवढं असलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं. आजाराचं नाव लिहायचं की नाही हे डॉक्टर पेशंटला विचारून ठरवतात. कॅशलेसच्या कागदांत निदान लिहावंच लागतं आणि त्यासाठी पेशंट सहीही करतो, पण ती सही विमा कंपनी आणि टीपीएसाठी (विम्याचे क्लेम हाताळणारी मध्यस्थ संस्था) आहे. महापे-रबाळ्याच्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत एचआरवाले म्हणतात, "आम्हालाही मेलवर ठेवा, क्लेम लवकर होईल." ठेवू नका. कागद टीपीएच्या ठरलेल्या पत्त्यावरच जाऊ द्या, आणि त्यांनी मागितले तेवढेच. सगळी फाईल स्कॅन करून पाठवायची सवय अनेक ठिकाणी आहे, त्यात सिस्टरच्या नोट्सपासून जुन्या आजारांपर्यंत सगळं जातं.

बिल भरणाऱ्याचं काय, हे हमखास विचारतात. पैसे देणाऱ्याला बिल आणि पावती मिळायलाच हवी. रिपोर्ट मिळायला हवा असं त्यातून निघत नाही. पण बिलातही प्रत्येक तपासणीचं नाव असतं हे लक्षात घ्या. पेशंटने सांगून ठेवलं असेल तर बाहेर 'लॅब तपासण्या' अशी एकत्रित रक्कम दाखवता येते, आणि तपशिलाचं बिल पेशंटच्या हातात.

परिस्थितीनुसार बदलतं तेही सांगते. पेशंट शुद्धीवर नसेल तर जवळच्या माणसाला सांगावंच लागतं, निर्णय घ्यायला लागेल तेवढं. लहान मूल असेल तर आईवडील. मानसिक आजारासाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्यात पेशंट आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, आणि त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्कही स्पष्ट लिहिलाय. म्हातारी माणसं स्वतःच म्हणतात, "मला काय कळतंय, मुलाला सांगा." मग मुलाला सांगा, त्यांनी तसं सांगितलंय हे कागदावर घेऊन. आणि घरच्यांची एक मागणी नेहमी येते: "त्यांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगू नका." ते काउंटरवर सोडवायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. माझं मत विचाराल तर आजार ज्याचा त्याला अंधारात ठेवून बाकी घराला सांगणं मला कधीच पटलेलं नाही, पण त्या माणसाला किती आणि कधी ऐकायचंय हे डॉक्टर त्याच्याशी बोलून जास्त चांगलं ओळखतात.

काही आजारांत मात्र 'परिस्थितीनुसार' नाही. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्या माणसाच्या लेखी, समजून दिलेल्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना, उपचारासाठी गरज असेल तेव्हा सांगता येतं. नवरा किंवा बायकोला सांगण्यासाठी डॉक्टर आणि समुपदेशकांना ठरावीक अटी घातलेल्या आहेत, फ्रंट डेस्कचा त्यात कुठेच संबंध येत नाही. फाईलच्या कव्हरवर लाल पेनने खूण, बेडच्या पाटीवर चिन्ह, मावशींना "त्या पेशंटपासून जपून" अशी सूचना, हे सगळं उघड करणंच आहे. ग्लोव्ह्ज आणि सुयांची काळजी प्रत्येक पेशंटसाठी सारखीच घ्यायची, मग खुणेची गरजच उरत नाही.

गर्भपाताच्या बाबतीत १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही त्या बाईचं नाव सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अ‍ॅडमिशन रजिस्टर कपाटात, कुलपात, इतर रजिस्टरांच्या गठ्ठ्यात नाही. केस पेपरवर नावाऐवजी रजिस्टरमधला क्रमांक. अल्पवयीन मुलगी असेल तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कळवावं लागतं, पण सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी त्या माहितीत तिची ओळख देण्याची गरज नाही. असा प्रसंग आला तर आधी वकिलांना फोन करा आणि मगच काही लिहा.

टीबी उलट्या बाजूने समजून घ्या. टीबीचा पेशंट सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, निक्षय पोर्टलवर नोंद करावीच लागते. तो गोपनीयतेचा भंग नाही. पण त्याच पेशंटला गर्दीच्या ओपीडीत "टीबीचं औषध कुणाचं?" असं ओरडून बोलावलं तर तो भंग आहे. ठाण्यात माझ्यासमोर हे झालंय, आणि त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. सहा महिने घ्यायचं औषध मध्येच सुटलं तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. आपल्या एका ओरडण्याची किंमत तिथपर्यंत जाते.

इथून आवाजावर येते. नवी मुंबईतली छोटी नर्सिंग होम म्हणजे रो-हाऊस किंवा तळमजल्याचे दोन फ्लॅट जोडलेले. वेटिंगला दहा खुर्च्या, काउंटर त्यांच्यापासून चार फुटांवर, आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच. भिंती हलवता येणार नाहीत, पण पहिली रांग भिंतीकडे सरकवता येते. दार बंद ठेवता येतं, फक्त पुरुष डॉक्टर बाईंना तपासत असतील तेव्हा आत सिस्टर हवी, तो पेशंटचा हक्क आहे. "काय त्रास होतोय?" हे काउंटरवर विचारूच नका, कागदावर लिहून घ्या किंवा आत विचारू द्या. टोकन नंबरने बोलवा. लहान गोष्टी आहेत, पण तुमच्या ओपीडीत सर्वांत जास्त माहिती इथूनच गळते.

आणि रिपोर्टचा ट्रे! काउंटरवर प्लास्टिकचा ट्रे, त्यात सगळ्यांचे रिपोर्ट, आणि "तुमचा तुम्ही शोधून घ्या." माणसं आपला शोधताना शेजाऱ्याचा वाचतात. ट्रे आत ठेवा. रिपोर्ट बंद लिफाफ्यात, वर फक्त नाव आणि नंबर, आणि देताना एक रजिस्टर: कुणी नेला, पेशंटशी नातं काय, सही, वेळ. हे रजिस्टर असतं तर त्या बाईंना तुम्ही किमान अचूक सांगू शकला असता की काय आणि कधी गेलं. नर्सिंग स्टेशनमागच्या पांढऱ्या फळ्यावर बेड नंबर आणि डॉक्टरांचं नाव पुरे, निदान नको. ओटीची (ऑपरेशनची) यादी दारावर चिकटवू नका. जुने प्रिंट पाठकोरे म्हणून चिठ्ठ्यांना वापरता का? थांबवा. रद्दीत जाणारा प्रत्येक कागद आधी फाडून, शक्यतो श्रेडरमधून. एक्स-रे फिल्म चांदी काढण्यासाठी भंगारवाले विकत नेतात, त्यावर पेशंटचं नाव छापलेलं असतं. तो कोपरा कापल्याशिवाय एकही फिल्म बाहेर जाऊ देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करा असं मी सांगणार नाही, कारण रात्री दोन वाजता आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, सरांना ईसीजी दाखवायचा असतो आणि त्यात पेशंटचं भलं आहे. पण तुमच्या ग्रुपवर आज कोण कोण आहे ते मोजा. माझ्या पाहण्यात असा एकही ग्रुप नाही ज्यात नोकरी सोडून गेलेले दोन-तीन जण, एखादा मेडिकलवाला आणि एखादा लॅबचा मुलगा नाही. महिन्याच्या एक तारखेला यादी तपासायची, हे काम एका माणसाच्या नावावर करा. फोटो काढताना वरची नावाची पट्टी कागदाने झाका आणि मजकुरात आयपीडी (भरती पेशंटचा) नंबर लिहा. ज्या डॉक्टरांना दाखवायचंय त्यांनाच पाठवा, सगळ्या ग्रुपला नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत जाणं बंद करून घ्या, ते तुम्ही स्वतः हातात फोन घेऊन करा, सांगून होत नाही. तो फोन घरी मुलांच्या हातात असतो. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावा, आणि उपचाराला महत्त्वाचा फोटो असेल तर त्याआधी प्रिंट काढून केस पेपरला लावा. शक्य असेल तर नर्सिंग होमचा एक वेगळा फोन घ्या, म्हणजे खासगी फोनवर पेशंटचं काही राहणारच नाही.

स्टेटसवर पेशंटसोबतचे फोटो, 'यशस्वी शस्त्रक्रिया' वगैरे, हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की ओळख पटेल असा फोटो किंवा केस पेशंटच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही. आणि परवानगी डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या काउंटरवर, कृतज्ञतेच्या भरात घेतलेली नको.

इथपर्यंतचं मनात धरून ठेवा: पेशंटला एकटं असताना विचारायचं, तिने सांगितलेल्या माणसालाच द्यायचं, दिल्याची नोंद ठेवायची. पुढचं सगळं यालाच धरून आहे.

पोलीस आले की स्टाफ घाबरून सगळी फाईल देतो. एमएलसीची (अपघात, मारहाण अशा पोलिसांशी संबंधित केसची) माहिती पोलिसांना देणं हे हॉस्पिटलचं कामच आहे. पण कागद हवे असतील तर लेखी पत्र मागा, बकल नंबर (पोलिसाचा बिल्ला क्रमांक) आणि पोलीस स्टेशनसह. शक्यतो प्रत द्या. मूळ फाईल ताब्यात घेत असतील तर त्याची पोच घ्या आणि आधी पूर्ण फोटोकॉपी काढून ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेचं नाव कुठेही बाहेर जाता कामा नये, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो गुन्हा आहे. ते नाव ग्रुपवरही नको.

एक उलटी चूकही मी वारंवार पाहते. पेशंट स्वतः आपले कागद मागायला येतो आणि त्याला सांगतात, "ते गोपनीय आहेत." गोपनीयता त्याच्यासाठी आहे, त्याच्याविरुद्ध नाही. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं की ७२ तासांत कागद द्यायचे, असं त्याच २००२ च्या नियमांत आहे. बिल बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवू नका. आंतररुग्णांचं रेकॉर्ड किमान तीन वर्षं जपायचं आहे. एमएलसी आणि लहान मुलांचे मी त्याहून बरेच जास्त ठेवते, कारण कोर्टाची तारीख कधी येईल सांगता येत नाही.

संगणकाचं थोडक्यात. प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन करा, मॉनिटरवर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी आजच काढा, आणि सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच संध्याकाळी बंद करा. बॅकअप अशा हार्ड डिस्कवर घ्या जी काम झाल्यावर काढून कुलपात जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथलं काम कित्येक दिवस हाताने, कागदावर चालवावं लागलं होतं. तेवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर तुम्ही छोट्या आहात म्हणून कुणी येणार नाही असं धरू नका.

नवा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. डेटाची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा सांगून बरेच सल्लागार छोट्या नर्सिंग होमना घाबरवतात आणि सॉफ्टवेअर विकतात. घाबरू नका, पण दोन गोष्टी आताच करा. संमतीचा मजकूर साध्या भाषेत ठेवा, पेशंटला तो मराठीत मिळण्याचा पर्याय या कायद्यात आहेच. आणि माहिती बाहेर गेली तर ज्याची गेली त्याला कळवावं लागेल, तेव्हा ते कोण कळवणार हे आजच ठरवून ठेवा. आभा क्रमांकाबद्दलही (सरकारी डिजिटल आरोग्य क्रमांक) विचारतील. तो काढणं ऐच्छिक आहे, त्यावरून कुणाचे उपचार अडवू नका, आणि रेकॉर्ड जोडायला पेशंटची संमती लागते, जी तो मागेही घेऊ शकतो.

आता त्या बाई. नियम पुढच्या पेशंटच्या उपयोगी पडतील, त्यांच्या घरात जे व्हायचं ते होऊन गेलंय. तरी त्यांना भेटायला हवं. फोनवर नको, पुढच्या तपासणीला येतील तेव्हा आत बसवून, डॉक्टर आणि तुम्ही दोघांनी. "आम्ही चुकलो" असं स्पष्ट म्हणा. "तो घरचाच होता म्हणून" हे वाक्य टाळा, त्याने चूक त्यांच्या घराकडे ढकलली जाते. नेमके कोणते कागद, कोणत्या दिवशी, कुणाला दिले ते सांगा. दिराशी किंवा सासूबाईंशी डॉक्टरांनी बोलावं असं त्यांना वाटतं का, विचारा. कधीकधी डॉक्टरांनी नवराबायको दोघांना बसवून, तपासणी दोघांचीही व्हायला हवी असं सांगितलं की घरातला सूर बदलतो. पण त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. मग नवा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवा, नंबर त्यांचा स्वतःचा आहे का बघा, आणि कुणाची नावं लिहायची ते त्यांना लिहू द्या. पुढचा रिपोर्ट आला की बंद लिफाफ्यात ठेवून आधी त्यांनाच फोन करा.